डकोटाचं दार

"दार चुकलंय," आबा म्हणाले. लाल बॉलपेनचं बटण टक्कन दाबून त्यांनी ते खिशाला अडकवलं.

मी ओले हात पदराला पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आले. जेवणाच्या टेबलावर माझी सोळा पानं ओळीनं मांडलेली होती. बाराव्या पानावरचा पारदर्शक कप्पा उघडा होता. त्यातलं एक टपाल तिकीट बाहेर काढून आबांनी त्यावर फुली मारली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मास्तर चुकलेल्या गणितावर मारतात तशी.

"आबा, हे काय केलंत?"

"दार चुकीच्या बाजूला काढलंय. बघ की."

मी दार पाहत नव्हते. मी फुली पाहत होते. शाई कागदात शिरली होती आणि तिच्या कडेनं तिकिटाचं निळं आभाळ जांभळं पडत चाललं होतं.

ही १९८९च्या डिसेंबरातली गोष्ट. आम्ही साताऱ्यात राहायचो. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. माझे यजमान प्रताप बांधकाम खात्यात ओव्हरसीअर, सोमवारी जायचे ते शनिवारी यायचे. म्हणजे घरात सून आणि सासरा, दोघंच. आबा हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. फिटर होते. निवृत्तीनंतर दुरुस्त करायला हाताशी काही उरलं नाही, म्हणून ते जग दुरुस्त करायचे. वर्तमानपत्रातलं शुद्धलेखन, लग्नपत्रिकेतली तिथी, रेशनकार्डावरचं वय, सगळीकडे लाल फुली. मी त्याला हसायची. माझ्या तिकिटांपर्यंत ती येईल असं कधी वाटलं नव्हतं.

तिकिटं मी नऊ वर्षांची असल्यापासून जमवायची. पुढे पुढे बाकीची सोडून दिली आणि फक्त विमानांची ठेवली. लाकडी पट्ट्यांच्या दुपंखी विमानापासून जेटपर्यंत, जगातल्या कुठल्याही देशानं जुन्या विमानाच्या आठवणीत काढलेलं तिकीट असलं की ते मला हवं असायचं. कोल्हापूरच्या प्रदर्शनात मी याआधी दोनदा भाग घेतला होता आणि दोन्ही वेळा 'सहभागाबद्दल' असं लिहिलेला कागद घेऊन परत आले होते. तिसऱ्या खेपेसाठी सात वर्षं तयारी केली होती. सोळा पानं, एक चौकट, 'विमानाची वाटचाल' असं नाव. बाराव्या पानावर डकोटा हे जुनं मालवाहू विमान होतं. एका चिमुकल्या बेटाच्या देशानं चार तिकिटांचा संच काढला होता, तो मला न्यूझीलंडच्या एका पत्रमित्राकडून अदलाबदलीत मिळाला होता. त्या संचातलं दुसरं तिकीट आता माझ्या तळहातावर फुली घेऊन पडलं होतं.

प्रदर्शन रविवारी होतं आणि आज बुधवार होता.

"बघ," आबा शांतपणे सांगत होते, "विमानाचं नाक उजवीकडं आहे. म्हणजे आपल्याला त्याची उजवी कूस दिसतीय. आणि तिथंच त्यांनी मालाचं मोठं दार उघडं काढलंय. आमच्या डकोटाचं दार डाव्या कुशीला. मागच्या बाजूला, डावीकडं. कुणीतरी फोटो उलटा धरून चित्र काढलं असणार."

"मग मला सांगायचं! फुली कशाला मारायची?"

"सांगितलं की. सोमवारी सांगितलं. काल सकाळी सांगितलं."

सांगितलं होतं, ते खरं. सोमवारी मी दहावीच्या वह्या तपासत होते, काल दूध उतू जात होतं. दोन्ही वेळा मी "हो का?" म्हणाले होते.

त्या क्षणी मात्र हे काही आठवलं नाही. सात वर्षांचा संताप तोंडात आला. "आबा, तुम्हाला विमानं दुरुस्त करायला ठेवलं होतं, तिकिटं नाही! ती विमानं केव्हाच भंगारात गेली. दार डावीकडे होतं का उजवीकडे, कुणाला फरक पडतो आता?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. उठून मागच्या अंगणात गेले आणि पाण्याची झारी घेऊन, नुकतंच मी पाणी घातलेल्या झाडांना पुन्हा पाणी घालत राहिले.

मी शाळेत गेले. संध्याकाळी परत आले तर आणखी एक धक्का. आबांनी चूक सुधारायला घेतली होती. कापसाला स्पिरिट लावून त्यांनी फुली पुसायचा प्रयत्न केला होता. फुली होती तशीच होती, पण विमानाचं शेपूट गेलं होतं आणि कागद मधोमध इतका विरला होता की पलीकडची बोटं दिसत होती.

"जरा जास्तच घासलं गेलं," आबा म्हणाले.

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रडले नाही. रडण्याइतकीही मोकळीक नव्हती. डोकं एकाच गोष्टीवर चालत होतं. हेच तिकीट आणखी कुणाकडे असेल?

उत्तर मला ठाऊक होतं, पण ते आवडत नव्हतं. कराडचे टोणपे सर. विज्ञानाचे शिक्षक. पक्ष्यांची, विमानांची, उडणाऱ्या कशाचीही तिकिटं जमवायचे. त्यांच्याकडे तो संच दुहेरी होता, आणि त्यांना माझ्याकडची एक वस्तू कित्येक वर्षं हवी होती. १९६१ साली, आपल्याकडच्या पहिल्या हवाई टपालाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिकिटं निघाली होती. ती निघाली त्याच दिवशीचा शिक्का मारलेलं, पहिल्या दिवसाचं पाकीट माझ्या वडिलांनी रांगेत उभं राहून माझ्यासाठी आणलं होतं. माझ्या नावानं, माझ्या पत्त्यावर. त्यावरच्या अक्षरातली 'कु. शैलजा' मी होते, अकरा वर्षांची.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी कराडला गेले. सरांनी चहा दिला, विषयाच्या आजूबाजूला बरंच फिरले आणि शेवटी म्हणाले, "शैलाताई, तुमची अडचण मला कळते. पण तुम्हालाही माहितीय, मी ते पाकीट किती दिवसांपासून..."

"आणलंय," मी म्हटलं आणि पर्स उघडली.

त्यांना इतक्या लवकर मिळेल असं वाटलं नसावं. ते थोडे ओशाळले. "वडिलांचं अक्षर आहे ना हे?"

"तिकीट द्या सर. माझी गाडी आहे पाच वाजता."

ती पाचची गाडी साडेसहाला आली. उभ्यानं साताऱ्याला आले. घरी आबा दिवा लावून बसले होते. मी नवं तिकीट चिमट्यानं कप्प्यात सरकवलं, पान बंद केलं आणि आबांच्या आवाक्याबाहेर, कपाटावर ठेवलं.

"मिळालं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हेही उलटंच असेल."

"आबा, हात जोडते तुम्हाला."

"नाही, मी हात लावत नाही. फक्त सांगतोय. खाली मजकूर लिहिलायस, त्यात तरी दुरुस्त कर. 'चित्रात दार चुकलं आहे' एवढं लिही."

"मजकूर टाईप करून झालाय. आता काही बदलायचं नाही."

"मी रविवारी येतो तुझ्याबरोबर," ते म्हणाले.

नको म्हणायला मला कारण सापडलं नाही. प्रतापना सुट्टीच्या दिवशीही साइटवर थांबावं लागलं होतं, आणि सासऱ्याला 'येऊ नका' असं म्हणणारी सून मी नव्हते. म्हणजे तोंडानं म्हणणारी नव्हते. मनात तर कितीदा म्हटलं.

कोल्हापूरच्या त्या सभागृहात उंच चौकटी ओळीनं उभ्या केल्या होत्या. माझी सतरावी. पानं लावून झाल्यावर मी दोन पावलं मागे सरून पाहिलं, आणि खरं सांगते, सुंदर दिसत होती. आयुष्यात मी एवढी नीटनेटकी गोष्ट दुसरी केली नव्हती. आबांना मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं, हातात वर्तमानपत्र दिलं, आणि पेन घरीच राहिलंय ना याची खात्री करून घेतली.

अकरा वाजता परीक्षक आले. गोव्याचे डॉक्टर खांडेपारकर. बुटके, गोरे, गळ्यात भिंग अडकवलेले. मागून दोन कार्यकर्ते वही घेऊन. ते प्रत्येक चौकटीपुढे थांबत, एकेक पान वाचत, काही न बोलता पुढे जात. माझ्यापुढे मात्र ते रेंगाळले. सातव्या पानाशी त्यांनी मान डोलावली. नवव्याशी "वा," असं अगदी हळू म्हणाले.

बाराव्या पानाशी माझ्या खांद्यामागून आवाज आला.

"त्याच्यात दार चुकलंय, साहेब."

आबा केव्हा उठून आले ते मला कळलंच नव्हतं. ताठ उभे होते, अंगठे विजारीच्या शिवणीला लावून.

"आबा, तुम्ही बसा ना," मी दातांतून म्हटलं.

पण डॉक्टर वळले होते. "कुठलं दार?"

"डकोटाचं. मालाचं दार डाव्या बाजूला असतं. इथं उजव्या बाजूला काढलंय. मी पाच वर्षं ते दार उघडलंय आणि लावलंय, साहेब."

डॉक्टरांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ वाकून पाहिलं. मग सरळ झाले आणि माझ्याकडे पाहून हसले, कौतुकानं.

"खरंच की! चित्रच उलटं झालंय. मीही हा संच दहा वेळा पाहिलाय, पण माझ्या नजरेला आलं नव्हतं. बाई, तुम्ही याबद्दल खाली लिहिलंय का?" ते मजकुरावर वाकले. 'डकोटा. विश्वासू मालवाहू विमान. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर वापर.' तिथं एवढंच होतं.

"नाही," मी म्हटलं.

"अरेरे. अशा विषयात तिकिटं जमवणं हे निम्मंच काम असतं. त्यातलं खरं-खोटं ओळखून लिहिणं, याला तर गुण असतात. तुमच्या घरात हे माहीत असलेला माणूस असताना..." त्यांनी वाक्य सोडून दिलं, आबांना नमस्कार केला आणि अठराव्या चौकटीकडे गेले.

तीन वाजता निकाल लागला. पदक इचलकरंजीच्या एका फुलपाखरांच्या चौकटीला मिळालं. मला 'सहभागाबद्दल'. तिसऱ्यांदा.

जी गोष्ट लिहिली असती तर सगळं पारडं फिरलं असतं, ती मला घरात, माझ्या टेबलापाशी, पुन्हा पुन्हा सांगितली गेली होती. आणि ती न ऐकण्यासाठी मी वडिलांच्या हस्ताक्षरातलं पाकीट देऊन आले होते. राग कुणावर काढायचा तेच कळेना. आबांवर काढावा तर ते बरोबर होते. तेच तर सगळ्यात असह्य होतं.

चारच्या एसटीत आम्ही बसलो. मी खिडकीशी, आबा शेजारी. गाडी जुनी होती, सगळ्या काचा एकदम वाजत होत्या. किणी गाव मागे पडलं.

"माझ्यामुळं गेलं का बक्षीस?" आबांनी विचारलं.

"नाही. माझ्यामुळे."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "पण आबा, एवढं काय आहे त्या दारात? वर्तमानपत्रातल्या चुकांवर तुम्ही फुली मारता आणि विसरता. या दाराच्या मागे आठवडाभर लागलात. तिकीट गेलं, त्याच्या बदली माझ्या वडिलांचं पाकीट गेलं, परीक्षकासमोर उभे राहिलात. एवढं काय?"

आबा समोरच्या सीटच्या दांडीला धरून बसले होते. बोलले ते त्या दांडीकडे बघतच.

"सत्तेचाळीसचा डिसेंबर. काश्मिरात पूंछला टोळीवाल्यांचा वेढा पडला होता. आम्ही जम्मूहून धान्य, दारूगोळा न्यायचो आणि येताना निर्वासित आणायचो. बाया, पोरं, म्हातारी माणसं. खाली उतरलं तरी इंजिनं बंद करायची नाहीत, कारण डोंगरावरून तोफा मारायचे. माझं काम दाराचं. माल ढकलायचा, माणसं आत घ्यायची, दार ओढायचं."

गाडी एका खड्ड्यातून गेली. ते थांबले, पुन्हा बोलू लागले.

"एका फेरीला विमान गच्च भरलं. पाय ठेवायला जागा नाही. पायलट ओरडला, बंद कर. मी दार ओढायला लागलो आणि एक बाई पळत आली. तिनं शालीत गुंडाळलेली पोर माझ्या हातात दिली. दिली म्हणजे, कोंबलीच. मी घेतली. एका हातात पोर, एका हातात दार. तिला वर ओढायला तिसरा हात नव्हता. पोर खाली ठेवली असती तर ओढता आली असती? एकीपुरती जागा झाली असती का? ते मला अजून ठरवता येत नाही. विमान हललं."

"मग?"

"ती पळायला लागली. पंख्याच्या वाऱ्यानं ओढणी उडून गेली. पोरीकडं बोट करायची आणि एकच शब्द ओरडायची. पुन्हा पुन्हा तोच. शैला, ती नाव सांगत होती. पोरीचं नाव. कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून. इंजिनांच्या आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही. नुसते ओठ दिसले."

माझा हात आपोआप त्यांच्या हातावर गेला. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"दार डावीकडं होतं म्हणून दिसले. ती डाव्या अंगाला होती. तिकिटातल्यासारखं उजवीकडं असतं तर माझ्यापुढं नुसता डोंगर असता. ती मला दिसलीच नसती. मग तुझं ते तिकीट बघितलं की वाटायचं, हे असं खोटं छापून ठेवलं तर ती बाई पळाली कुठं?"

"पोरीचं काय झालं?"

"जम्मूच्या छावणीत दिली. तिथल्या कारकुनानं नाव विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. त्यानं 'नामालूम' लिहिलं. दुसऱ्या फेरीला पूंछला उतरून मी त्या बाईला शोधलं, पण हजारो माणसं होती धावपट्टीवर. आठ दिवसांनी छावणीत गेलो तर पोरांना दुसरीकडं हलवलेलं. कुठं, ते कुणालाच सांगता येईना."

"आईंना माहीत होतं हे?" सासूबाई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

"नाही."

"प्रतापना?"

त्यांनी मान हलवली.

"मग आबा, हे मला आधी सांगायचं ना! पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर..."

"दार चुकलंय, हे सांगितलं की," आबा म्हणाले. "त्याच्या पुढचं सांगायला जमत नव्हतं."

त्यांनी त्यानंतर आणखी अकरा वर्षं काढली. प्रदर्शनात मी पुन्हा कधी भाग घेतला नाही. दिल्लीला, जम्मूला, दोन-तीन संस्थांना आम्ही दोघांनी मिळून पत्रं लिहिली. काहींची उत्तरं आली, ती सौजन्याची होती. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी गाडीत, पेठ नाका मागे पडल्यावर, मी भूगोल शिकवणाऱ्या बाईसारखं पद्धतशीर विचारायला लागले. दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

"ओठ कसे हलत होते?"

"पहिल्यांदा मिटायचे. मग उघडायचे. शेवटाला दात दिसायचे."

"म्हणजे पहिलं अक्षर प, फ, ब, भ नाहीतर म. आणि शेवट ई असणार."

"एवढ्यापर्यंत मी पण आलोय," आबा म्हणाले. "पुढं जात नाही. नावं तोंडानं म्हणून आरशात बघायचो पूर्वी. पण आपलेच ओठ आपल्याला ओळखीचे वाटत नाहीत."

मी त्यांच्याकडे तोंड करून बसले. गाडीच्या खडखडाटात आवाज नसला तरी चालणार होतं. मी ओठ मिटले, उघडले आणि आवाज न काढता म्हटलं, पार्वती. आबांनी माझ्या तोंडाकडे रोखून पाहिलं. इतकं रोखून त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. मान हलवली. नाही.

परमेश्वरी. नाही, लांब होतंय. फुलवंती. नाही. बसंती. ते जरा पुढे वाकले. "पुन्हा म्हण." बसंती. पुन्हा बसंती. मग हळूच मागे टेकले. "नाही. मधे जीभ दिसत नव्हती."

पलीकडच्या बाकावरची बाई आमच्याकडे टक लावून पाहत होती. तिला काय वाटत असेल ते मला समजत होतं आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. भागवंती. भोली. भवानी. प्रत्येक नावाला त्यांचे डोळे जरासे मोठे व्हायचे आणि पुन्हा लहान व्हायचे. वर्गातल्या मुलींची, त्यांच्या आयांची, पत्रमैत्रिणींची, ऐकलेली-वाचलेली, भ पर्यंतची सगळी नावं मी ओठांवर आणत होते, आणि एकही बसत नव्हतं.

साताऱ्याच्या स्टँडात गाडी शिरली. कंडक्टरनं घंटी मारली, माणसं पिशव्या घेऊन उभी राहिली, मीही पानांची पेटी उचलली.

आबा जागचे हलले नाहीत.

"बस जरा," ते म्हणाले. "म राहिलाय अजून."